केकला लुगडं कसं नेसवायचं: क्रीमनं कापडाचा पोत आणायच्या माझ्या पद्धती

आमच्या आज्जीला ७५ पूर्ण झाली तेव्हा मी इरकल लुगड्याचा केक केला होता, हिरवं अंग, तांबडे काठ, बारीक चौकडा. आज्जी आली, चष्मा वर सरकवला आणि सरळ बोटच लावून बघितलं. बोटाला क्रीम लागलं तशी म्हणाली, "आगं बया, मला वाटलं घडी घालून ठेवलंयस कोणाचं तरी." ती बोटाची खूण मी मुद्दाम बुजवली नाही. त्या फोटोनंतर जे फोन सुरू झाले ते अजून आहेत, कोणाला साडीचा पाहिजे, कोणाला ओटीच्या खणाचा, परवा एका दादांनी भावाच्या लग्नाला फेट्याचा मागितला. आणि प्रत्येकजण एकच विचारतंय, ताई नोझल कुठलं वापरलं?

नोझलचे, म्हणजे क्रीमच्या बॅगेला लावायच्या टोकाचे नंबर सांगते खाली, पण आधी एक सांगते, नोझलनं कापड होत नाही. मी पहिले तीन-चार केक केले ते सगळे वॉलपेपर चिकटवल्यासारखे दिसत होते, कारण मी गुळगुळीत क्रीमवर वरून डिझाईन काढत होते. कापड तसं नसतंय. कापडात एक धागा वर येतोय आणि एक खाली जातोय, त्यामुळं बारीक बारीक सावल्या पडतात, आणि डोळा त्या सावलीला कापड म्हणतो. रंग गेला उडत, सावली पडली की काम झालं. म्हणून करायच्या आधी खरं कापड घ्या, खिडकीजवळ आडवं धरा, मोबाईलवर झूम करून फोटो काढा आणि बघा उभा धागा जाड आहे का आडवा, काठ अंगापेक्षा वर उचललाय का सपाट आहे, बुट्टी धाग्यातनं आलीय का वरून टाचलीय. आपल्याकडं तर काय, इचलकरंजी शेजारीच, नात्यात कोण ना कोण मागावर असतंयच, त्यांना ताणा-बाणा, म्हणजे उभा-आडवा धागा, विचारा, पाच मिनिटात जे कळतंय ते व्हिडिओ बघून कळत नाही.

आता क्रीम. आपल्या इथं ऑर्डरचे केक बहुतेक व्हिप क्रीमचे असतात, हलकं लागतंय, स्वस्त पडतंय, लोकांना त्याच चवीची सवय आहे. पण व्हिप क्रीमवर बारीक पोत टिकत नाही. त्यात पाणी असतंय, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं की गडद रंग शेजारच्या फिक्या रंगात उतरतो, माझ्या एका केकचे तांबडे काठ सकाळी हिरव्या अंगात असे पसरले होते की लुगडं पहिल्या धुण्यातच रंग सोडतंय तसं. त्यामुळं कापडाचं काम असेल तर मी बटरक्रीमच करते, आणि गिऱ्हाईकाला आधीच सांगते की गोड जरा जास्त लागेल. नको म्हणाले तर मधले थर व्हिप क्रीमचे आणि बाहेरून फक्त बटरक्रीमचा हात, हा मधला मार्ग बऱ्याच जणांना चालतोय.

प्रमाण सोपं आहे, २०० ग्रॅम अनसॉल्टेड बटर, ४०० ग्रॅम आयसिंग शुगर, चमचा-दोन चमचे दूध, व्हॅनिला, चिमटीभर मीठ. पोळीला लावायचं पिवळं बटर घेऊ नका, खारट लागतंय आणि पांढरा रंग कधीच पांढरा येत नाही. बटर बोट दाबलं की खड्डा पडेल एवढंच मऊ पाहिजे, वितळलेलं नको. आधी नुसतं बटर चांगलं पाच-सात मिनिटं फेटा, पांढरट होईपर्यंत, मग साखर चाळून तीन वेळा थोडी थोडी. साखर चाळायचा कंटाळा केला तर एक खडा नोझलमध्ये अडकतो आणि तो नेमका जरीच्या रेषेतच अडकतो, कायम. एवढ्यात ७ इंची, म्हणजे साधारण किलोभर केक झाकून वर काठ-बुट्ट्या होतात. पूर्ण केकवर टोपलीची वीण घालायची असेल तर दीडपट करा.

साखर बटरच्या दुप्पट का, तर वरून पातळ साय धरते. दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवलं की बोट हलकं लावल्यावर चिकटत नाही, त्या सायीवर आपले अर्धे प्रयोग होणार आहेत. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ३७-३८ ला जातो आणि बटर ३२-३५ डिग्रीलाच ढेपाळतंय, मग उन्हाळ्यात मी २०० पैकी ६०-७० ग्रॅम बटर काढून तेवढं वनस्पती तूप घालते. चवीत थोडा फरक पडतो, खोटं कशाला बोलू, पण काठ खाली घसरून पाटावर येण्यापेक्षा बरं. पावसाळ्यात उलटी गंमत, हवेतच एवढा ओलावा असतो की साय धरायला वेळ लागतो, तेव्हा दूध घालूच नका आणि पंख्याखाली ठेवा.

रंग जेलचेच घ्या, पाण्याचे नको. आणि गडद रंग आदल्या दिवशीच कालवून ठेवा, रात्रभरात रंग आपोआप चढतो. तांबडा करायचा तर आधी गुलाबी करून मग तांबडा घाला, काळा करायचा तर कोकोवाल्या तपकिरी क्रीमपासून सुरुवात करा, नाहीतर पांढऱ्यात अख्खी बाटली ओतूनसुद्धा करडाच दिसतो आणि वर कडू लागतो. काळ्या क्रीमनं दात पण काळे होतात, लग्नाच्या फोटोत ते बरं दिसत नाही, सांगून ठेवते.

सगळ्यात सोपं कापड म्हणजे मांजरपाट नाहीतर मलमल, ज्याला नोझलच लागत नाही. श्रीखंडाचा चक्का बांधायचं फडकं असतंय ना घरात, तेच. जुनं असलं तर उत्तम, नव्याचे तंतू सुटतात. पांढरं, बिनरंगाचं, उकळत्या पाण्यातनं काढून कडक उन्हात वाळवलेलं, साबणाचा वास अजिबात नको. केकला बटरक्रीम सरळ लावा, साय धरू द्या, मग फडकं ताणून क्रीमवर ठेवा आणि वरून तळहातानं नाहीतर सपाट स्क्रॅपरनं हलकं दाबा, घासायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं. फडकं एका कोपऱ्यातनं सावकाश सोलून काढा. खाली धाग्याची वीण उमटलेली दिसते, नाद खुळा दिसतंय. क्रीम फडक्याला चिकटून आलं तर समजा साय धरली नव्हती, अजून दहा मिनिटं थांबा. हे व्हिप क्रीमवर करायला जाऊ नका, सगळं फडक्यालाच येतंय.

लेस पण अशीच उमटते. कोल्हापुरात महाद्वार रोडला लेस-गोटा मीटरवर मिळतो, पण त्याला खळ आणि रंग असतो, तो थेट खायच्या वस्तूला लावायचा नाही. मध्ये क्लिंग फिल्म ठेवा, वर लेस, वरून बोटानं दाबा. कडा जरा मऊ उमटतात, पण नक्षी येते. काही जणी रॉयल आयसिंगनं एक नंबर नोझल घेऊन लेस काढतात आणि ओल्या ब्रशनं आत ओढतात, भरतकाम केल्यासारखं, सुंदरच दिसतंय, फक्त एक लक्षात ठेवा की रॉयल आयसिंगमध्ये घालतात ती मेरिंग पावडर अंड्याच्या पांढऱ्याची असते. आपल्याकडं निम्म्या ऑर्डरी एगलेस असतात, आणि गिऱ्हाईक विश्वासानं खातंय, त्यांना ते चालत नाही. एगलेसला मी बटरक्रीमच पातळ करून ओढते.

पहिल्यांदाच करणार असाल तर आधी गोणपाट शिका, म्हणजे टोपलीची वीण. यातनं हाताला वर-खाली कळतंय, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नोझल ४७ नंबर, एक बाजू दातेरी एक बाजू सपाट. दातेरी बाजू वर करून एक उभी पट्टी ओढा. मग तिला ओलांडून आडव्या आखूड पट्ट्या, आणि दोन आडव्यांच्या मध्ये बरोबर एका पट्टीएवढी जागा सोडायची. पुढची उभी पट्टी या आडव्यांची टोकं झाकून ओढा. आता नवीन आडव्या पट्ट्या सुरू करायच्या त्या मधल्या रिकाम्या जागेतनं, नोझलचं तोंड पहिल्या उभ्या पट्टीला टेकवून, म्हणजे पट्टी तिच्याखालनं निघाल्यासारखी दिसते. असंच पुढं पुढं. पहिल्यांदा मी जागा कमी सोडली आणि सगळं एकमेकांत घुसून वडीचं पीठ थापल्यासारखं झालं. म्हणून सराव केकवर करू नका, स्टीलचा डबा उपडा घाला, त्याच्या बाहेरून करा, खरवडून परत बॅगेत भरा, एकाच क्रीमवर दहा वेळा सराव होतोय. बॅग अर्धीच भरा, भरगच्च बॅग हाताच्या उबेनं पातळ होते.

घोंगडीला नोझल कमी आणि हात जास्त लागतो. पट्टणकोडोलीकडं घोंगडी विणणारी माणसं आहेत, खरी घोंगडी हातात घेऊन बघा एकदा, टोचते, वरून लव असते, वीण दिसते आणि दिसत पण नाही. तसं आणायला काळपट तपकिरी क्रीम जाडसर लावा, केक कोंबनं, म्हणजे क्रीमवर रेघा ओढायच्या दातेरी पट्टीनं, एकदा आडवं फिरवा, फ्रीजमध्ये वीस मिनिटं, मग एक कोरा कडक ब्रश घेऊन उभा-आडवा हलका खेचा, क्रीमचे बारीक तंतू उठतात. ते नीट करायला जाऊ नका, घोंगडी नीटनेटकी दिसली की ती ब्लँकेट होते. काठाला दोन-तीन फिक्या रेघा आणि खाली दोन नंबर नोझलनं लोंबते गोंडे.

आता इरकल, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहायला बसले.

इरकल मूळचं इलकलचं, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण आपल्याकडच्या आज्ज्यांनी ते इतकं नेसलंय की आपलंच वाटतंय. अंग बहुतेक सुती, काठ-पदराला रेशीम, पदर वेगळा विणून अंगाला फासे घालून जोडलेला असतो. म्हणजे केकवर पण तीन वेगळे पोत पाहिजेत, एकच पोत सगळीकडं मारला की फसलं. सुती अंगाला चमक नको. काठाला थोडी चमक पाहिजे. पदर तर उठून दिसलाच पाहिजे.

अंगासाठी गडद हिरवं क्रीम लावून स्क्रॅपरनं सरळ करा, मग सगळ्यात बारीक दातांचा केक कोंब टर्नटेबलवर अजिबात न थांबता एका फेरीत फिरवा. मध्ये थांबला की तिथं गाठ पडते, मागावर धागा तुटल्यासारखी. हा झाला आडवा धागा. केक फ्रीजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं घट्ट होऊ द्या, मग तोच कोंब वरनं खाली उभा ओढा, पण अगदी हलका, आधीच्या रेघा पुसायच्या नाहीत, फक्त त्यांना कापायचं. उभ्या रेघा आडव्यांपेक्षा उथळ राहिल्या तरच सुती दिसतंय, दोन्ही सारख्या खोल झाल्या की मच्छरदाणी. दर ओढीला कोंब पुसा. चौकडा पाहिजे असेल तर एक नंबर नोझलनं पांढऱ्या रेघा, साधारण सेंटीमीटरभर अंतरावर, आणि त्या रेघा ओढून झाल्या की स्क्रॅपर हलका फिरवून आत बसवा. वर उचललेला चौकडा शिवणकाम वाटतो, आत बसलेला विणलेला वाटतो. हे कळायला मला दोन केक घालवायला लागले.

काठ खालच्या बाजूला, ४ इंच उंच केकला साधारण सव्वा ते दीड इंच. ४७ नंबरचं नोझलच घ्या पण आता सपाट बाजू वर करून, तांबड्या क्रीमच्या दोन-तीन पट्ट्या एकमेकींना चिकटून, मग स्क्रॅपरनं एक करायच्या. काठ अंगापेक्षा किंचित वर राहू दे, खऱ्या लुगड्यात पण काठ जाडच लागतो हाताला. इरकलच्या काठांना नावं आहेत, गोमी, परास, गाडी, आज्जीला विचारा ती नुसतं बघून सांगेल कुठला. पहिल्यांदा सोपं धरा, काठाच्या वरच्या कडेला पिवळी रेघ, खाली दुसरी, मध्ये तिरक्या बारीक ठिपक्यांची ओळ. ठिपका काढून नोझल तसंच वर उचललं तर टोक राहतं, म्हणून दाब सोडून मग बाजूला झटका द्यायचा. टोक राहिलंच तर ओल्या बोटानं बसवा.

पदर मी केकच्या वरच्या बाजूला घेते, म्हणजे वरून बघितलं की तांबडा पदर आणि बाजूनं हिरवं अंग. पदरावर पांढरी नक्षी असते, फणीसारखी, किल्ल्याच्या तटासारखी, ज्वारीच्या कणसासारखी. कणीस काढायला सोपं, दोन नंबर नोझलनं एक उभी काडी आणि दोन्ही बाजूला तिरके छोटे थेंब, वर जाताना लहान लहान. फणी म्हणजे नुसत्या आडव्या रेघेवर उभे दात. पांढरा रंग तांबड्यावर टाकायच्या आधी तांबडं क्रीम फ्रीजमध्ये घट्ट झालेलं पाहिजे, नाहीतर रेघ गुलाबी होते. आणि जिथं पदर अंगाला मिळतो तिथं अगदी बारीक आकड्या काढा, एकात एक अडकलेल्या. कोणाला दिसत नाहीत त्या. पण आज्जीला दिसल्या होत्या.

कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम, घालायची असेल तर मेंथीचे टाके, म्हणजे फुल्या, तेवढेच घ्या. बाकीच्या कसुतीला आख्खा दिवस पाहिजे.

खणाचा केक इरकलपेक्षा छोटा आणि रुखवताला लई चालतोय. ८ इंची चौकोनी केक कोपऱ्यातनं कोपऱ्यात कापा, दोन त्रिकोण होतात, ते एकावर एक ठेवले की अंबाबाईच्या ओटीतला घडी घातलेला खण तयार. नुसता आडवा कोंब फिरवा, खणाला चमक असते म्हणून उभ्या रेघा नकोत. बुट्ट्या सरळ रांगेत न काढता विटांच्या भिंतीसारख्या, एका ओळीतली बुट्टी वरच्या दोन बुट्ट्यांच्या मध्ये. काठ फक्त लांब बाजूला. घडी दाखवायला बाजूनं सुरीच्या पाठीनं दोन-तीन आडव्या खोल रेषा ओढा, तेवढ्यावर लोक फसतात.

चमक आणि जरीचं सांगते, इथं गडबड करू नका. मी एका क्लासला जात होते तिथं जी सोनेरी पावडर वापरत होते तिच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की फक्त सजावटीसाठी. आम्ही सगळ्या ती खात होतो. डबीवर खाण्यायोग्य लिहिलेलं पाहिजे, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा नंबर पाहिजे, नुसतं नॉन-टॉक्सिक लिहिलंय म्हणजे खायचं असं नाही. पावडर पाण्यात कालवली की डाग पडतात आणि वाळत नाही, व्होडकाचे चार थेंब घातले की लगेच उडून जातात आणि सोनं उरतं. ज्यांच्या घरात ते चालत नाही त्यांना मी कोरड्या ब्रशनं, गार केकवर, नुसती पावडर फिरवून देते, झगमग कमी पण काठ रेशमी दिसतो.

फेट्याचं थोडक्यात. १०४ नंबरचं पाकळीचं नोझल, जाड टोक केकला टेकवायचं आणि बारीक टोक बाहेर, भगव्या पट्ट्या तिरक्या, एकावर एक चढत, उजवीकडनं डावीकडं मग डावीकडनं उजवीकडं, फेटा बांधताना फिरतो तशाच. पट्ट्या सारख्या केल्या तर टोपी दिसते, म्हणून एखादी रुंद एखादी अरुंद. दर दोन थरांनी दहा मिनिटं फ्रीज. आणि तुरा क्रीमचा उभा राहत नाही, मी हट्टानं तीनदा केला, तिन्ही वेळा झोपला. वेफर पेपरची, म्हणजे खायच्या पातळ कागदाची, पंख्यासारखी घडी घालून खोचा, शेमल्याला पण तेच.

आता पोचवणं. केक फ्रीजमधनं काढला की लगेच बॉक्स उघडायचा नाही, विशेषतः जून ते सप्टेंबर. गार केकवर बाहेरचा दमटपणा घाम धरतो आणि सोनेरी जर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरते. बॉक्स बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, घाम बॉक्सला येऊ दे. चारचाकी गाडीतनं नेणार असाल तर बॉक्स मांडीवर नको, पाय ठेवायच्या सपाट जागेवर, खाली रबरी मॅट. एसी असेल तर लावा, आणि गडहिंग्लजपर्यंत जायचं असेल तर सकाळी सातला निघा, दुपारी बारानंतर मी बटरक्रीमची ऑर्डर घेतच नाही.

पैशाचं पण बोलून घ्या. साध्या किलोभर केकला सजावटीला अर्धा तास लागत असेल तर इरकलला चार तास लागतात, फ्रीजमधला वेळ सोडून. किलोच्या भावानं देऊ नका, तासाचा हिशोब धरा. कोण म्हणालं की एवढ्यात खरी साडी येईल, तर खुशाल म्हणा की हो, येईल की.

आणि कापायचं कुठनं ते आधी ठरवून सांगा, कारण आमच्या घरी तिथंच घोळ झाला. आज्जी सुरी हातात घ्यायलाच तयार नाही, लुगड्याला सुरी लावत नाहीत म्हणाली, वाढदिवसाच्या दिवशी तर नाहीच. सगळे उभे, मेणबत्ती जळतेय, पोरं टाळ्या वाजवून थकली. शेवटी मी मागच्या बाजूला, जिथं काठाची दोन टोकं मिळतात आणि माझा जोड जरा वाकडा आला होता, तिथं सुरी ठेवून दिली, म्हटलं इथं शिवण उसवलीय बघ. मग कापला तिनं.